चाल सोडल्यावर

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो. पुण्यात राहून हे वाद्य वाजवणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते सगळं वाजवून झालं आहे. लग्नाच्या वराती, हॉटेलांतले रविवारचे ब्रंच, कंपन्यांच्या पार्ट्या, कोरेगाव पार्कातल्या जॅझच्या रात्री. गेली काही वर्षं मात्र माझा बराचसा वेळ वेगळ्याच वादनात, म्हणजे मुक्त वादनात जातो. त्यात आधी ठरवलेली चाल नसते, ताल नसतो, कॉर्ड्स (एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ) नसतात. वाजवायला बसायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि त्यातून जे उभं राहील ते राहू द्यायचं. जॅझ शिकणारी तरुण मुलं मला विचारतात, 'दादा, इकडे कसे वळलात? आणि नक्की काय रियाज करता?' एवढं सविस्तर उत्तर गिगच्या मध्यंतरात देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी सुरुवात बँडमधली. मास्तर क्लॅरिनेटवाले. त्यांची शिकवण्याची पद्धत एकच होती: आधी तोंडाने म्हण, मग वाजव. नोटेशन त्यांना येत होतं, पण गाणं तोंडी बसल्याशिवाय ते कागद हातात देत नसत. सॅक्सोफोन हे मुळात लष्करी बँडांत रुळलेलं वाद्य, आपल्याकडे ते वरातीत आलं आणि सिनेमाच्या स्टुडिओत मनोहारी सिंगांच्या हातात जाऊन त्याचा सूर घराघरांत पोचला. मनोहारीदांसारखा मऊ सूर काढायचा, एवढंच तेव्हा स्वप्न होतं. जॅझ नंतर आलं, एका मित्राच्या वडिलांच्या रेकॉर्ड्समधून. चार्ली पार्करचे सोलो अर्ध्या वेगावर लावून एकेक ओळ उतरवून घेण्यात माझी विशी गेली.

जॅझमधलं मला सगळ्यात काय आवडायचं तर त्याचा साचा. बत्तीस बारचं, म्हणजे तालाच्या बत्तीस घरांचं गाणं, आठ-आठ बारांचे चार तुकडे, तिसरा तुकडा वेगळा. आधी सगळ्यांनी मिळून मूळ चाल वाजवायची, मग त्याच कॉर्ड्सवर एकेकाने सोलो घ्यायचा, शेवटी परत चाल. आपल्याकडच्या आवर्तनाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच आपलं वाटतं. त्यासाठी मी बाराही स्वरांवरून टू-फाइव्ह-वन, म्हणजे जॅझमधली नेहमीची तीन कॉर्ड्सची साखळी, घोटली. कुठलीही कॉर्ड समोर आली की बोटं पुढची वाट धरतात इतकं घोटलं. तयारी म्हणतात ती हीच आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. तिच्याशिवाय जॅझ वाजवता येत नाही.

पण पुढे एक गोष्ट जाणवायला लागली. सोलोत बोटं पुढे असत आणि कान त्यांच्या मागून जात. पियानोवाल्याने एखादी वेगळी कॉर्ड टाकली तर ती मला ऐकू येई, पण तोवर माझी ओळ निघून गेलेली असे. मग वाटायला लागलं, कॉर्ड काढून घेतली तर माझ्या सुरात काय उरेल? नुसता हा पितळी नळा, बोरूची पट्टी आणि श्वास, एवढ्यातून काय बोलता येईल?

या प्रश्नाशी झटलेले लोक आधीच होऊन गेले होते. ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याने डिसेंबर १९६० मध्ये न्यू यॉर्कमध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजायला बसवल्या. एक डाव्या चॅनेलमध्ये, एक उजव्या. सदतीस मिनिटं सलग. मी ते आधी एकाच कानाला हेडफोन लावून ऐकलं, मग दुसऱ्या, मग दोन्ही. डावीकडे ऑर्नेट स्वतः आणि डॉन चेरी, उजवीकडे एरिक डॉल्फी आणि फ्रेडी हबर्ड. एकटी डावी बाजू ऐकली तरी ती पूर्ण वाटते. दोन्ही एकत्र ऐकल्यावर कळतं की गोंगाट वाटणाऱ्या जागांत माणसं एकमेकांना उत्तरं देत आहेत.

त्याहून खोल परिणाम केला तो जॉन कोल्ट्रेनच्या शेवटच्या दिवसांतल्या एका ध्वनिमुद्रणाने. फेब्रुवारी १९६७. पियानो नाही, बास नाही, फक्त कोल्ट्रेनचा टेनर आणि रशीद अलीचे ड्रम्स. सुरुवातीला कोल्ट्रेन छोट्या घंटा हलवतो आणि मग टेनर उचलतो. त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला. रेकॉर्ड बाजारात आली ती १९७४ मध्ये. रविशंकरांच्या संगीताने भारावून मुलाचं नाव रवी ठेवणारा हा माणूस. त्या वादनात कॉर्ड्स नाहीत, पण बेबंदपणाही नाही. तो एक छोटा स्वरसमूह घेतो, त्याला सगळ्या बाजूंनी वळवून बघतो आणि पुढच्या समूहाकडे जातो. हे ऐकताना मला विलंबित ख्यालाची बढत आठवत होती.

युरोपातले लोक आणखी पुढे गेले. लंडनमध्ये १९६५ साली एएमएम नावाचा गट सुरू झाला. त्यातला लू गेर माझ्यासारखाच टेनर वाजवणारा आणि जॅझ बँडमधून आलेला. त्याच बँडमधला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवू लागला. त्यांच्या रेकॉर्डवर पुष्कळदा कुठला आवाज कुणाचा हेच कळत नाही आणि मला तेच हवंसं वाटलं. डेरेक बेली हा गिटारवाला तर कित्येक वर्षं नाचाच्या हॉलांत, रेडिओसाठी, स्टुडिओत वाजवून पोट भरत होता. वरातीतून आलेल्या माणसाला याचा केवढा दिलासा वाटतो! बेलीने १९८० मध्ये इम्प्रोव्हायझेशनवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच भारतीय संगीतापासून आहे. एका परंपरेच्या भाषेत केलेली उपज वेगळी आणि कुठल्याच परंपरेची भाषा न धरता केलेली वेगळी, अशी तो विभागणी करतो. ही विभागणी मला पूर्ण पटत नाही. का ते पुढे येईलच.

आता रियाज. ऐकणं कितीही झालं तरी वाद्य हातात घेतल्यावर जुनीच बोटं चालतात, म्हणून मी बोटंच थांबवली. सॅक्सोफोनचा सगळ्यात खालचा सूर बी-फ्लॅट. सगळी भोकं बंद. बोटं तिथून हलवायची नाहीत आणि फक्त गळा, जीभ नि ओठ बदलून त्याच नळ्यातून वरचे सूर काढायचे. हा रियाज नवा नाही, सिगर्ड राशरने १९४१ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं होतं. खालच्या बी-फ्लॅटला सा म्हटलं तर त्यावर आधी वरचा सा येतो, मग पंचम, मग पुन्हा सा आणि त्यानंतर गंधार.

तो गंधार पहिल्यांदा स्वच्छ लागला तेव्हा मी वाद्य खाली ठेवलं. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खरजातून न छेडता ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरलेला असतो. इतकी वर्षं मी सॅक्सोफोन कीबोर्डच्या मापाने लावत होतो आणि आत नळ्यात हा गंधार बसून होता. त्या दिवसापासून मला या वाद्याकडे किल्ल्यांचं यंत्र म्हणून बघता आलं नाही. ती हवेची एक कमान आहे आणि किल्ल्या तिला फक्त वाट दाखवतात.

घरी हा रियाज अवघड. एकच खालचा सूर तासभर फुंकत बसलेल्या माणसाला सोसायटी फार काळ सहन करत नाही आणि शेजाऱ्यांचंही बरोबर आहे. मी वेताळ टेकडीवर जाऊ लागलो, उजाडायच्या आत. जुन्या खाणीच्या काठावर कातळाकडे तोंड करून वाजवलं की आवाज थोडा उशिराने परत येतो. आपण सूर सोडला त्यानंतर तो अजून चालू आहे असं ऐकू येतं. पुढचा सूर कधी लावायचा हे ठरवायला त्याने शिकवलं, कारण आधीचा विरल्याशिवाय नवा टाकला की दोन्ही गढूळ होत. फिरायला येणारे सुरुवातीला थांबून बघत, मग सवयीने पुढे जाऊ लागले.

मल्टिफोनिक्स ही त्यानंतरची पायरी. सॅक्सोफोन एका वेळी एक सूर देणारं वाद्य, पण खालच्या सुराची बोटं धरून मधलंच एखादं भोक उघडलं की आतली हवा दोन वेगळ्या लांबींत कंप पावू पाहते. पट्टीला कुठल्या एकीशी जुळवून घ्यावं ते ठरवता येत नाही आणि दोन-तीन सूर एकदम वाजतात, मधे एक खरखरीत घुमारा घेऊन. प्रत्येक बोटांच्या जागेचा स्वभाव निराळा. मी त्यांची वही ठेवली आहे. कुठली बोटं, कुठली पट्टी, ओठ किती दाबलेला, हवा कशी होती. शेवटचं महत्त्वाचं, कारण जुलैतल्या पुण्यात बोरूची पट्टी फुगते आणि मेमध्ये निघणारा तोच जोडसूर निघेनासा होतो. पावसाळ्यात जी-शार्पच्या किल्लीखालची कातडी गादीही चिकटते. किल्ली दाबली की ती लगेच उघडत नाही, क्षणभर धरून ठेवते आणि 'टप्' करून सुटते. जॅझ वाजवताना मी गिगच्या आधी त्याखाली सिगारेटचा पातळ कागद घालून ओल टिपून घ्यायचो. आता तो 'टप्' मला वाजवता येतो. किती दाबलं की किती मोठा येतो, हे बोटाला ठाऊक झालं आहे.

श्वास न तोडता वाजवणं मात्र मला पुस्तकातून जमलं नाही. एव्हन पार्कर या इंग्रज वादकाचं सोप्रानोवरचं (टेनरपेक्षा लहान, उंच सुराचा सॅक्सोफोन) एकट्याचं वादन मी किती वेळा ऐकलं असेल. तो गालात साठवलेली हवा बाहेर ढकलतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. सूर तुटतच नाही. टेनरला सोप्रानोपेक्षा हवा फार लागते, त्यामुळे माझी गाडी तिथे अडली. मग मी सनईवाल्या मामांकडे गेलो. ते लग्नकार्यात सनई-चौघड्यात सूर धरतात. सनईच्या जोडीत एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा फक्त सूर देतो, एकच, अखंड. मामांनी उमेदीची वर्षं थोरल्या भावामागे सूर धरण्यात घालवली.

त्यांनी मला हातात सॅक्सोफोन घेऊच दिला नाही. पाण्याचा पेला आणि नळी.

'बुडबुडे थांबता कामा नयेत,' म्हणाले. 'गाल भर. आता गाल दाब आणि नाकानं घे. घाई करू नकोस, गालात मायंदाळ हवा असते.'

बुडबुडे थांबायचे. मामा पेल्याकडेच बघत बसायचे, माझ्या तोंडाकडे नाही. काही आठवड्यांनी एकदा ते थांबले नाहीत. मामा म्हणाले, 'आता सूर धर. फुंकू नको, धर.' त्यांची सनई घेऊन ते शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी एकच सूर धरला. बाहेर रिक्षा, हॉर्न, भांडी घासल्याचे आवाज चालू होते. एकच सूर, पण आत काहीतरी सतत हलत होतं. कधी तो जाड होई, कधी त्याला धार येई. सूर धरणाऱ्याला लोक साथीदारही मानत नाहीत, नुसता मागचा माणूस समजतात. माझ्या मते या शहरात ज्यांना सर्वांत जास्त ऐकू येतं अशांपैकी ते एक आहेत.

एकट्याचा रियाज इथवर. मुक्त वादन खरं सुरू होतं ते दुसरं माणूस समोर बसल्यावर. आमचा गट जमला तो नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर. एक गिटारवाला, माझ्याबरोबर जॅझ वाजवणारा. एक ढोल-ताशा पथकातला ताशावाला. आणि ख्यालाची रीतसर तालीम घेतलेली एक गायिका, जिला आम्ही ताई म्हणतो. नियम दोनच होते. वाजवताना खुणा करायच्या नाहीत आणि चहा होईपर्यंत झालेल्या वादनावर बोलायचं नाही.

सगळ्यांची अडचण एकच निघाली, फक्त प्रत्येकाचं रूप वेगळं. माझ्या बोटांत टू-फाइव्ह-वन. ताशावाल्याच्या मनगटात पथकाचे ठेके, काडी पडली की ठेका सुरू. ताईंची अडचण सगळ्यात बिकट. 'मी दोन सूर लावले की राग उभा राहतो,' त्या म्हणाल्या. 'कोमल ऋषभ लागला, मागून शुद्ध गंधार आला की भैरव दारात हजर. त्याला हाकलू कसं? आणि हाकलायचं तरी का?'

त्यांच्या या प्रश्नाने आमचं पुढचं काम ठरवलं. सुरुवातीला आम्ही ओळखीचं काहीही आलं की ते टाळत होतो. टाळण्यातच सगळं लक्ष जाई आणि ऐकणं राहून जाई. मग ताईंनी एका दुपारी भैरव येऊ दिला. दोन-तीन स्वर, आंदोलन घेतलेला ऋषभ, आणि तिथेच थांबल्या. मी त्या ऋषभाच्या अगदी शेजारचा एक जोडसूर धरला. गिटारवाल्याने तारेवर खिळा ओढला. भैरव भैरवच होता, पण आता त्याच्याभोवती दुसरं काहीतरी होतं आणि त्या पुन्हा गायल्या तेव्हा त्याच स्वरांतून वेगळी वाट निघाली. राग आला, बसला आणि उठून गेला. बेलीची विभागणी मला पटत नाही ती या अनुभवामुळे. ताईंच्या गळ्यातून परंपरा काढून टाकता येणार नाही, माझ्या बोटांतून चार्ली पार्कर काढता येणार नाही. काढायची गरजही नाही. त्यांनी आपल्याला ओढत नेऊ नये एवढं सावध राहणं, हे काम आहे आणि ते कानाचं आहे.

ताशावाल्याचा बदल मी जवळून पाहिला. शेकडो लोकांच्या आवाजात स्वतःचा आवाज उठवायची सवय असलेला तो मुलगा. एकदा त्याने काड्या बाजूला ठेवल्या आणि ताशाच्या धातूच्या अंगावरून नखं फिरवली, इतकी हळू की आम्ही तिघं आपोआप पुढे झुकलो. मी सूर काढणं थांबवलं आणि नुसता श्वास नळ्यातून सोडत राहिलो. त्याच्या नखाचा आवाज आणि माझा श्वास यांत फरक करता येईना. चहा झाल्यावर तो म्हणाला, 'दादा, मला पहिल्यांदा माझा ताशा ऐकू आला.'

लोकांसमोर वाजवायचं ठरवलं तेव्हा पुण्याबद्दल मला इतरांनीच घाबरवलं. इथले श्रोते सनातनी, उठून जातील, असं. थोडे उठून गेलेही. एका तरुणाने नंतर येऊन सांगितलं की हे कुणीही वाजवेल. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण वाईट मुक्त वादन खरोखरच कुणालाही वाजवता येतं. फरक कसा ओळखायचा ते मी त्याला सांगितलं: एकाने काहीतरी केल्यावर दुसऱ्याचं वादन बदलतं का, ते ऐक. बदलत नसेल तर ते चार जणांचं स्वतंत्र वाजवणं आहे, भले कितीही जोरकस असो.

त्याच संध्याकाळी पुढच्या रांगेतले एक काका थांबले होते. सवाई गंधर्वला कित्येक वर्षं हजेरी लावणाऱ्यांपैकी. त्यांनी विचारलं, 'सम कुठं होती?'

'नव्हती, काका.'

'कशी नव्हती? मला दोनदा सापडली. एकदा त्या ताईंनी गायच्या आधी श्वास घेतला तेव्हा. आणि एकदा तुमच्या वाद्यातून टप् असा आवाज आला तेव्हा.'

मी घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. दोन्ही जागी आम्ही चौघं, काहीही न ठरवता, एकदम थांबलो होतो. काकांनी तालाशिवाय समेवर यायचं कसं ते आमच्याआधी ऐकलं होतं. ज्या शहरात माणसं तीन-तीन तास आलापी ऐकायला गालिच्यावर बसतात, तिथे या वादनासाठी कान तयार करावे लागत नाहीत. ते तयार आहेत. त्यांना फक्त कार्यक्रम मिळत नाहीत.

पोट अजून जॅझ आणि लग्नांवरच चालतं आणि त्याचा मला कमीपणा नाही. उलट जॅझ आता जास्त आवडतं. परवा एका हॉटेलात संथ गाण्यावर सोलो घेताना मी पियानोवाल्याच्या एका कॉर्डनंतर चार बार काहीच वाजवलं नाही, कारण त्याचं अजून संपलं नव्हतं. उतरल्यावर तो म्हणाला, 'आज तू माझ्याबरोबर होतास.' इतकी वर्षं आम्ही एकाच स्टेजवर वाजवत आलो आहोत.

सध्या मामांबरोबर एक काम चालू आहे, सनईचा सूर आणि टेनर, दोघंच. अडचण सुराच्या पट्टीची आहे. त्यांची सनई माझ्या कुठल्याच सुराशी नेमकी जुळत नाही, किंचित चढी आहे. मामांचं म्हणणं, मी माउथपीस आत ढकलून त्यांच्या सुराला यावं, सूर म्हटलं की तो मिळालेलाच हवा. माझं म्हणणं, तो थोडासा फरक तसाच ठेवावा, कारण दोन जवळचे सूर एकत्र धरले की त्यांच्यात एक संथ लाट उठते आणि ओठाने तिची गती कमी-जास्त करता येते. मामांना ती लाट बेसूर वाटते. मला ती त्या वादनाचा प्राण वाटते. आम्ही दोन्ही करून बघतोय, आधी मिळवून, मग फरक ठेवून. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रेकॉर्डिंग करायचं ठरलं आहे आणि तोवर दोघांपैकी कुणीही माघार घेईल असं दिसत नाही.